भाजावळ आणि विद्यापीठ

मालवणाकडील खेड्यांतून माघापासून चैत्रापर्यंत हिंडलेल्या माणसाच्या स्मरणांत दोन वास कायमचे राहून जातात. एक आंब्याच्या मोहराचा आणि दुसरा भाजावळीच्या धुराचा. मोहराचें कौतुक करण्यास कवि आणि व्यापारी हे दोघेही तत्पर असतात. धुराला मात्र असा कैवारी मिळत नाहीं. तो डोळ्यांना झोंबतो, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो, आणि सुटीला आलेल्या शहरी पाहुण्यांच्या तोंडून "हे लोक अजून जाळपोळच करतात" असा शेरा निघण्यास निमित्त होतो. सुमारें एकशेंचाळीस वर्षांपूर्वीं याच शेऱ्याच्या अर्थाचें म्हणणें सरकारदरबारीं अधिक वजनदार भाषेंत मांडलें जात होतें. आणि त्याची शहानिशा करतां करतांच आमच्या प्रांतांत मातीच्या शास्त्रीय अध्ययनाला एक निराळें वळण लागलें. पीक आणि माती यांची जोपासना हा आज विद्यापीठांतील पदवीचा विषय आहे. परंतु ही विद्या कोणाकडून कोणाकडे गेली, शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. आम्ही व्यवसायानें इतिहासाचे अध्यापक. मृदाशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि ज्ञानाचा तंटा हाही इतिहासाचाच विषय असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें धार्ष्ट्य आम्ही करीत आहों.

भाजावळ म्हणजे काय, हें घाटावरील वाचकांस प्रथम सांगितलें पाहिजे. ठाणें-कुलाब्याकडे हिलाच राब म्हणतात. कोंकणांत बहुतेक ठिकाणीं भात एकदम खाचरांत पेरीत नाहींत. आधीं एका लहानशा तुकड्यांत दाट रोपें वाढवितात, आणि तीं उपटून मग चिखलणी केलेल्या खाचरांतून लावतात. या रोपांना आमच्याकडे तरवा म्हणतात. लागवडीच्या शेताच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढी जागा तरव्याला लागते, आणि घरच्या वर्षभराच्या भाताचें भवितव्य त्या दहाव्या हिश्शावर अवलंबून असतें. ती जागा उन्हाळ्यांत भाजून काढावयाची. ऐन, किंजळ इत्यादि झाडांच्या फांद्या तोडून वाळवितात. यास कवळ तोडणें म्हणतात. खालीं शेण, त्यावर वाळलेली कवळ, त्यावर पातेरा आणि गवत, व सर्वांवर बारीक मातीचा पातळ थर असा बिछाना रचून तो पेटवितात. वरच्या मातीमुळें ज्वाळा भडकत नाहींत. विस्तव दबून सावकाश पुढें सरकतो आणि खालची जमीन बराच वेळ तापत राहते. पुढें पावसाच्या आरंभीं तेथें बीं पडतें.

आम्ही लहान असतां आजोळीं हें काम पाहावयास जात असूं. शेत कसणारे कूळ वृद्ध होते व बोलण्यांत मोठे मोजके होते. भाजून झालेल्या तुकड्यावरून एके दिवशीं वारा सुटला आणि राख उडून चालली. आम्हीं मोठ्या काळजीनें ती गोष्ट त्यांच्या कानांवर घातली, तेव्हां ते हंसून म्हणाले, "राखेचा काय घेवन बसलंस, झिला? माती भाजली काय ता बघ." हें वाक्य आमच्या मनांत कां राहिलें कोण जाणे. त्याचा अर्थ समजण्यास आम्हांस तीस वर्षें लागलीं, आणि तोही एका जुन्या सरकारी ग्रंथमालेच्या पानांवर समजला. तो भाग पुढें येईलच.

आधीं त्या मातीची ओळख करून घेऊं. मालवण, देवगड, वेंगुर्लें या भागांतील पुष्कळशी जमीन जांभ्या दगडाची आहे. १८०० सालीं फ्रान्सिस ब्यूकानन हा डॉक्टर मलबारांतून प्रवास करीत होता. जमिनींत असतां कुऱ्हाडीनें कापतां येणारा आणि हवा लागतांच कठीण होणारा हा दगड त्यानें तेथें पाहिला. १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत त्यानें, लॅटिन भाषेंतील विटेच्या शब्दावरून, त्यास लॅटेराइट असें नांव दिलें. आमचे गवंडी त्याचे चिरे काढून घरें बांधीतच होते. या किनाऱ्यावर वर्षास तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. अशा पाण्यानें युगानुयुगें खडकांतील चुना, पोटॅश, मॅग्नेशिया आणि बरीचशी सिलिका धुवून नेली. लोह आणि ॲल्युमिनियम यांचीं ऑक्साइडें तेवढीं मागें राहिलीं. मातीचा तांबडा रंग या लोहाचा. ही माती आम्लधर्मी असते. तिच्यांत घातलेलें स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियम यांच्याशीं जखडून बसतें, आणि पिकाला तें सुखासुखीं मिळत नाहीं. खत घालूनही उपाशी राहणारी अशी ही जमीन आहे.

या सगळ्या जमिनीस सरसकट तांबडी माती म्हणणें हें परगांवच्या माणसाचें काम. कसणाऱ्यांच्या बोलींत उतरणीबरोबर तिचें नांव पालटतें. अगदीं वर उघडा कातळाचा सडा. त्याखालीं नाचणी-वरीची वरकस. त्याखालीं केवळ पावसावर भात देणारी भरड किंवा कुर्याट. तळाशीं व्हाळाच्या कांठीं, पाऊस गेल्यावरही ओल धरून वायंगणाचें दुसरें पीक देणारा मळा. खाडीच्या बाजूस खारवट. आणि शेवटीं माडांची पुळण. एका गांवच्या शिवेंत, अर्ध्या तासाच्या चालीत, इतक्या जाती भेटतात. एकाच उतारावरील माती पाण्याच्या वाहण्याप्रमाणें वरून खालीं क्रमानें बदलत जाते, हा सिद्धांत पूर्व आफ्रिकेंत काम करणाऱ्या जेफ्री मिल्न यांनीं १९३५ च्या सुमारास मांडला आणि त्या मालिकेस साखळी या अर्थाचा लॅटिन शब्द योजिला. मृदाशास्त्राच्या विद्यार्थ्याला आज तो पहिल्या वर्षांतच भेटतो. आमच्या कुळवाड्यांनीं सिद्धांत मांडला नव्हता, हें खरें. पण साखळीची प्रत्येक कडी त्यांनीं वेगळी ओळखली होती, आणि कोणत्या कडीवर काय पेरावें हेंही ठरविलें होतें.

एवढें ओळखूनही पोट भरत नसे. मालवण तेव्हां रत्नागिरी जिल्ह्याचा तालुका होता, कुडाळ आणि वाडी हा मुलूख सावंतवाडी संस्थानांत होता. सिंधुदुर्ग हा निराळा जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. या सर्व भागांतून माणसें गिरण्यांत, गोदींत आणि पलटणींत चाकरीस जात, व घरीं राहिलेल्या बायका आणि म्हातारे त्यांच्या मनिऑर्डरीच्या आधारानें शेती चालवीत. अशा घरांत तरवा मेला तर त्याचा अर्थ काय होता, हें वेगळें सांगावयास नको.

आतां तंट्याकडे वळूं. १८७८ सालीं हिंदुस्थानचा वनकायदा झाला. आगगाडीला आणि वाढत्या शहरांना लांकूड पाहिजे होतें. जंगल राखणें हें सरकारचें कर्तव्य ठरलें. आणि फांद्या तोडणारा कुणबी जंगलखात्याच्या दृष्टीनें वनाचा वैरी झाला. ठाणें आणि कुलाबा या जिल्ह्यांत राबाच्या फांद्यांचा हक्क हा मोठाच वादाचा विषय होऊन बसला. तक्रारी इतक्या वाढल्या कीं, मुंबई सरकारास १८८५ सालीं चौकशीसाठीं फॉरेस्ट कमिशन नेमावें लागलें. एक पक्ष म्हणे, राब ही रानटी रूढि आहे. शेण आणि पाला कुजवून घालावा तो जाळून टाकणें याहून मूर्खपणा कोणता? दुसरा पक्ष म्हणे, राब बंद केलात तर भात बुडालें. याच सुमारास, १८८३ सालीं, जोतीराव फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून जंगलखात्याच्या जाचाविषयीं आपला संताप व्यक्त केला होता. मात्र त्याच ग्रंथांत त्यांनीं शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचें शिक्षण मिळावें असा आग्रहही धरला आहे, आणि डोंगरांवरून वाहून जाणारें पाणी व कस शेतांत मुरावा म्हणून बांध घालण्याची सूचना केली आहे. शेतकऱ्याची बाजू घेणें आणि त्याला नवी विद्या हवी म्हणणें यांत जोतीरावांना विरोध दिसला नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

वादाचा निकाल लावण्याचा एक साधा मार्ग होता, आणि तो कृषिखात्यानें धरला. खात्याचे तेव्हांचे प्रमुख ओझन यांनीं १८८० नंतरच्या दशकांत लोणावळ्यास राबाचे तुलनात्मक प्रयोग चालविले. राब ही निव्वळ खुळी रूढि नव्हे, असें त्यांवरून दिसून आलें. पुढें १८८९ च्या अखेरीस इंग्लंडांतील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे हिंदुस्थानची शेती पाहण्यास आले. सुधारणा सुचविण्यासाठीं त्यांना पाचारण केलेलें होतें. १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत मात्र येथील उत्तम शेतकरी सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा असून कांहीं बाबतींत सरसही आहे, असा अभिप्राय आढळतो. शिकवावयास आलेल्या पंडितानें आधीं पाहून घेतलें, हा त्यांचा मोठेपणा होय.

परंतु राबानें पीक चांगलें येतें हें कळणें निराळें आणि तें कां येतें हें कळणें निराळें. हें दुसरें काम पुण्यास झालें. तेथील सायन्स कॉलेजांत शेतकीचा वर्ग १८७९ सालींच निघाला होता. त्याचें पुढें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत स्वतंत्र शेतकी कॉलेज झालें, आणि १९०७ सालीं डॉ. हॅरल्ड मॅन हे तेथें प्राचार्य म्हणून आले. पुण्याजवळील पिंपळें सौदागर या गांवाची घरोघर पाहणी करून १९१७ सालीं त्यांनीं लिहिलेला ग्रंथ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. त्याच्या पांच वर्षें आधीं, १९१२ सालीं, त्यांनीं एन्. व्ही. जोशी आणि एन्. व्ही. कानिटकर या सहकाऱ्यांसह पश्चिम हिंदुस्थानांतील राबाच्या पद्धतीवर एक प्रबंध कृषिखात्याच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध केला. हेंच आम्हीं वर म्हटलेलें जुनें पान. राबाचा गुण केवळ राखेच्या खतानें उलगडत नाहीं. तापण्यानें खुद्द मातींतच पालट होतो, तिच्यांतील विरघळणारीं द्रव्यें वाढतात, असा त्याचा रोख आहे. "राखेचा काय घेवन बसलंस" हे शब्द आम्हांस त्या क्षणीं आठवले, हें सांगणें नलगे.

त्याच काळांत इंग्लंडांतील रॉथॅम्स्टेड येथें रसेल आणि हचिन्सन यांचे मातीला ताप देण्याचे प्रयोग चालले होते. १९०९ सालीं त्यांनीं असें दाखविलें कीं, माती तापविली असतां तिच्यांतील सूक्ष्म जंतु प्रथम घटतात, परंतु मग पहिल्याहून कितीतरी वाढतात, आणि पिकाला उपयोगी पडणारें अमोनियारूप नत्र अधिक तयार होतें. याची जी उपपत्ति त्यांनीं दिली ती पुढें टिकली नाहीं. निरीक्षण मात्र टिकलें. याशिवाय भाजण्यानें तणांचें बीं मरतें, आणि राखेनें आम्ल मातीचा आंबटपणा कांहीं अंशीं कमी होतो, पोटॅश मिळतो. जांभ्याच्या उपाशी जमिनींत एवढी शिदोरी कोंवळ्या रोपाला पहिले तीनचार आठवडे मिळाली, कीं तें तरतें.

तेव्हां शेतकऱ्याचें सर्वच बरोबर होतें असें म्हणावयाचें काय? आमच्या मतें तसें म्हणणें ही दुसऱ्या बाजूची भाबडेपणाची कड होय. भाजावळींत शेणांतील आणि पाल्यांतील नत्र धुरावाटे निघून जातें. वर्षानुवर्षें फांद्या छाटल्यानें ऐन-किंजळीचीं झाडें खुरटतात, उतार उघडे पडतात, आणि उघड्या उतारावरील माती पहिल्या वळवाबरोबर व्हाळांत उतरते. कवळ तोडून डोईवरून आणण्याचे कष्ट बहुतांशीं बायकांच्या वांट्याला येत, ही गोष्ट तर हिशेबांतच कोणी धरीत नसे. शेतकऱ्याला काय होतें हें पक्कें ठाऊक होतें. कां होतें हें ठाऊक नव्हतें. आणि कारण ठाऊक नसल्यामुळें, रान विरळ झालें, मनुष्यबळ मुंबईस गेलें, तेव्हां त्या जागीं दुसरें काय योजावें हें त्याला सुचण्यास मार्ग नव्हता. येथें विद्यापीठाचें प्रयोजन सुरू होतें.

हें विद्यापीठ कोंकणाला उशीरा मिळालें. अमेरिकेंत १८६२ च्या कायद्यानें सरकारी जमिनी देऊन शेतकी कॉलेजें काढलीं गेलीं, तीं ज्या त्या प्रांताच्या मातीशीं बांधलेलीं होतीं. आपल्याकडे राधाकृष्णन् आयोगानें १९४९ सालीं ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली, १९६० सालीं पंतनगर येथें पहिलें कृषि विद्यापीठ निघालें, आणि महाराष्ट्रांत राहुरी व अकोला यांच्या मागून १८ मे १९७२ रोजीं दापोलीस कोंकणचें कृषि विद्यापीठ स्थापन झालें. आज तें डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नांवानें ओळखलें जातें. दापोलीस शेतकी कॉलेज १९६५ पासून होतेंच. काळ्या जमिनीसाठीं लिहिलेले धडे तांबड्या जमिनीवर गिरविण्याचा प्रसंग आतां कमी झाला. कृषिविद्या व मृदाशास्त्र यांचे विभाग निघाले; जांभ्याच्या जमिनींत स्फुरदाचें काय करावें, खारवटींत कोणतें भात तग धरील, हे येथले प्रश्न येथेंच तपासले जाऊं लागले. वेंगुर्लें येथील फळसंशोधन केंद्र तर विद्यापीठाहूनही जुनें, १९५७ सालचें. नीलम आणि हापूस यांच्या संकरापासून झालेला 'रत्ना' आणि रत्ना व हापूस यांच्या संकराचा 'सिंधु' हे आंबे, तसेंच वेंगुर्ल्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या काजूच्या जाति हें तेथील काम. पोर्तुगीजांनीं आणलेला काजू ज्या वरकस उतारांवर आपला आपण वाढत असे, तेथें आज कलमांच्या बागा दिसतात त्या याच कामाच्या फळ होत.

भाताच्या बाबतींत भाजावळीला पर्याय म्हणून गादीवाफे आणि कुजलेलें खत यांची शिफारस झाली, आणि पुष्कळांनीं ती उचलली. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें याहून मनोरंजक प्रकरण आहे तें डॉ. नारायण सावंत यांनीं पुरस्कारिलेल्या चारसूत्री भातशेतीचें. तिचीं सूत्रें अशीं : भाताच्या तुसाची काळी राख तरव्याच्या वाफ्यांत मिसळावी व पेंढा शेताला परत द्यावा, बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा हिरवा पाला चिखलणीच्या आधीं घालावा, दोनतीन रोपांचे चूड आळीपाळीनें पंधरा व पंचवीस सेंटिमीटर अंतरावर दोरीनें लावावेत, आणि चार चुडांच्या मध्यें युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी खोल खोंचावी, म्हणजे खत पाण्याबरोबर वाहून जात नाहीं. पहिल्या सूत्रांत राख पुनः आली, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. तिचें कारण मात्र आतां ठाऊक आहे : भात हें सिलिकेचें भुकेलें पीक, तुसांत सिलिका विपुल, आणि पाऊस आमच्या जमिनींतून नेमकी तीच धुवून नेतो. दुसऱ्या सूत्रांत पालाही परत आला. तो आतां रानांतून न येतां बांधावरून येतो. जाळावयाचें काय, कुजवावयाचें काय आणि रानाला सोडून द्यावयाचें काय, याची निवड शंभर वर्षांच्या वादविवादानंतर शक्य झाली. कुणब्याचा अनुभव आणि प्रयोगशाळेचें कारण यांची गांठ पडल्यावांचून ती झाली नसती.

हा इतिहास येथें संपविणें आम्हांस सोयीचें झालें असतें. परंतु एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कृषि पदवीच्या शेवटल्या वर्षीं विद्यार्थ्यांना कांहीं महिने खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांबरोबर काम करावें लागतें. मागल्या पावसाळ्यांत अशाच चार मुलींची तुकडी आमच्या आजोळच्या गांवीं आली होती. त्यांच्याजवळ मातीचे नमुने घेण्याच्या पिशव्या होत्या, आणि २०१५ सालीं सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेचा बारा रकान्यांचा नमुना होता. आमच्या वांट्यास आलेल्या शेतावर आम्ही त्यांना घेऊन गेलों. तें वीसबावीस वर्षें पड आहे. मेरा फुटल्या आहेत, गडगा ढांसळला आहे, खाचरांत रान माजलें आहे. त्यांतील एकीनें वही उघडून विचारलें, "सर, या जमिनीला गांवांत काय म्हणतात?" आम्हीं मोठ्या रुबाबानें सांगितलें, "मळा." वाटेवरून त्या जुन्या कुळाच्या सूनबाई चालल्या होत्या; आतां त्यांचेंही वय झालें आहे. त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "मळो न्हय, तात्यानू. मळो थंय खालती. ह्यो भरड." मुलीनें शब्द खोडून दुसरा लिहिला. त्या बारा रकान्यांत या शब्दाला जागा नव्हती. तिनें तो समासांत लिहिला.

विद्यापीठ शिकावयास तयार आहे, असें त्या समासावरून आम्हांस वाटलें. विद्यार्थिनीला प्रश्न कसा विचारावा हें शिकविलेलें होतें, आणि उत्तर चुकीचें मिळालें तें शेताच्या धन्याकडून, म्हणजे आमच्यासारख्या पदवीधराकडून. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं ओझन आणि मॅन यांना विचारावयास माणसें गांवोगांव होतीं. त्यांचें म्हणणें ऐकावयाचें कीं नाहीं एवढाच प्रश्न होता. आतां ऐकणारे आहेत, आणि सांगणारे एकेक करून जात आहेत. आमच्या वाडींत ही भाषा जाणणारीं माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं राहिलीं आहेत. ज्यांच्या घरीं कोंकणांत पड जमीन आहे, अशा वाचकांनीं येत्या सुटींत एवढें करावें : शेतावर जाऊन, जुन्या कसणाऱ्यापैकीं कोणी असेल त्यास विचारून, प्रत्येक तुकड्याचें नांव, त्याची ओल किती टिकते, तेथें काय पिकत असे, तरवा कोठें भाजीत, हें एका वहींत लिहून ठेवावें आणि त्याची एक प्रत जवळच्या कृषि महाविद्यालयास द्यावी. आम्हीं आमची वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर, खोडून दुरुस्त केलेला, एकच शब्द आहे.